रोपवाटिकेतून समुद्रात: केल्पची कोवळी रोपं शेतापर्यंत नेताना

केल्प म्हणजे थंड समुद्रातलं मोठं तपकिरी शेवाळ. रोपवाटिकेतून निघताना त्याचं रोप जेमतेम १ ते ३ मिलिमीटरचं असतं. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर गुंडाळलेला बारीक दोरा आणि त्यावर धरलेली सोनेरी-तपकिरी लव, एवढंच डोळ्यांना दिसतं. यालाच रीळ म्हणतात. बीजाणू दोऱ्यावर बसल्यापासून इथवर यायला महिना-दोन महिने गेलेले असतात. ते सगळं काम एका सकाळीत वाया जाऊ शकतं, आणि पंचाईत अशी की वाया गेल्याचं त्या दिवशी कळतही नाही. नुकती मेलेली लव आणि जिवंत लव ओल्या दोऱ्यावर सारखीच दिसते. फरक कळतो तो काही आठवड्यांनी, दोर वर उचलून पाहिल्यावर.

नवख्या माणसाला काळजी असते ती रस्त्याची. गाडीला किती तास लागतील, वाटेत गारवा टिकेल का, वगैरे. माझ्या मते ही काळजी चुकीच्या जागी आहे. नीट बंद केलेल्या, थंड, अंधाऱ्या पेटीत रिळं काही तास सुखाने राहतात. रोपं दगावतात ती प्रवासाच्या दोन टोकांना: टाकीतून काढून पेटीत जाईपर्यंत, आणि पेटीतून काढून दोर पाण्याखाली जाईपर्यंत. म्हणून सगळी आखणी होडीपासून सुरू करून उलट रोपवाटिकेकडे यावं.

पुढे दोरा म्हणजे रोपं धरलेला बारीक धागा आणि दोर म्हणजे समुद्रातल्या शेतात ताणलेला जाड दोरखंड, असं समजून वाचा.

आधी दोर, मग रोपं

तारीख रोपवाटिका ठरवत नाही, समुद्र ठरवतो. थंड पाण्यातल्या केल्पसाठी पाण्याचं तापमान साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरून तिथे टिकलेलं हवं. एका थंड रात्रीनंतर पारा खाली आला आणि चार दिवसांनी परत चढला, याला टिकणं म्हणत नाहीत. आठवडाभर रोज एकाच वेळी, दोर जिथे राहणार त्या खोलीवरचं पाणी मोजा. वरच्या हातभर पाण्याचा आकडा फसवा असतो.

रिळं मागवण्याआधी नांगर, बोये आणि दोर जागेवर बसलेले असावेत. नवा दोर काही दिवस समुद्राच्या पाण्यात भिजत ठेवा, म्हणजे कारखान्यातून आलेला तेलकटपणा निघून जातो. पण फार आधी टाकलात तर त्यावर दुसरंच शेवाळ आणि शिंपले जागा धरून बसतील.

मग एक तपासणी, जी जमिनीवर पाच मिनिटांत होते आणि होडीवर अख्खी सकाळ खाते. रोपं लावताना दोर रिळाच्या पोकळीतून ओवावा लागतो. दोराच्या टोकाला गाठ, फासा किंवा लोखंडी कडी असेल तर ती त्या पाइपमधून जाते का? रोपवाटिकेकडून रिकाम्या पाइपचा एक तुकडा आधीच मागून घ्या आणि तुमच्या दोरावर चढवून बघा.

दोरा किती लागेल, हेही आधी काढून ठेवा. तो दोराभोवती मळसूत्रासारखा गुंडाळला जातो, त्यामुळे दोराच्या लांबीपेक्षा जास्त लागतो. १२ मिलिमीटर जाडीच्या दोरावर दर ५ सेंटिमीटरला एक वेढा धरला तर १०० मीटर दोराला सुमारे १२५ मीटर दोरा लागतो. वेढे दाट केले, दर २ सेंटिमीटरला एक, तर तोच आकडा २१४ मीटरच्या आसपास जातो. विरळ वेढा लाटेने घसरतो, फार दाट वेढ्यात रोपं एकमेकांना सावली करतात. सुरुवातीला ५ सेंटिमीटरच्या आसपास राहावं आणि हाताशी थोडा दोरा शिल्लक ठेवावा.

कागदपत्रंही याच टप्प्यावर बघा. बऱ्याच ठिकाणी कुठल्या समुद्रातल्या मातृरोपांपासून बी धरलं, याला नियम आहेत. अलास्कात मातृरोपं शेतापासून ५० किलोमीटरच्या आतली असावी लागतात. स्थानिक शेवाळाचा वंश बाहेरच्या वाणाने मिसळू नये, हा त्यामागचा हेतू. तुमच्या किनाऱ्यावर काय नियम आहे ते परवाना देणाऱ्या खात्याकडून लेखी घ्या. रोपवाटिकेतल्या माणसाचं तोंडी आश्वासन कितीही प्रामाणिक असलं तरी तपासणीला उपयोगी पडत नाही.

रोपवाटिकेत काय बघायचं

रिळं ताब्यात घेताना घाई करू नका. भिंग बरोबर ठेवा. चांगल्या रिळावर लव सगळीकडून सारखी दिसते आणि भिंगाखाली प्रत्येक केस हा छोट्या चपट्या पात्यासारखा असतो. तपकिरी रंग दिसला म्हणून खूश होऊ नये, कारण डायटमचा, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळाचा, थरही तपकिरीच असतो. तो बुळबुळीत असतो, त्याला पात्याचा आकार नसतो. हिरवे तंतू दिसले तर दुसरं शेवाळ घुसलं आहे. पाती हिरवट किंवा पांढुरकी पडली असतील तर ती जीव सोडत आहेत, असं रीळ घेऊ नका. रीळ फिरवून चारही बाजू बघा. टाकीत जी बाजू दिव्यापासून दूर राहिली तिथे लव विरळ असते.

लांबी हवी २ मिलिमीटरच्या आसपास. अर्ध्या मिलिमीटरची रोपं समुद्रातला गाळ आणि डायटम यांच्याखाली दबून जातात. उलट टाकीत फार वाढवलेली, सेंटिमीटरभर झालेली रोपं वेढे घालताना बोटांना लागून निघतात.

दुसरा प्रश्न विचारायचा तो रोपं काटक केली आहेत का. टाकीत त्यांना सुमारे १० अंशांचं पाणी, गाळलेलं, हलकंसं हलणारं, आणि मंद दिवा एवढंच माहीत असतं. प्रकाश मोजायच्या मायक्रोमोल या एककात सांगायचं तर टाकीत साधारण २० ते १०० मायक्रोमोल असतात आणि उघड्यावरच्या दुपारच्या उन्हात २,००० च्या घरात. शेवटच्या आठवड्यात पाण्याचा प्रवाह वाढवणं, दिवा थोडा वाढवणं आणि टाकीचं तापमान दिवसाला अंश-दोन अंश करत समुद्राच्या जवळ आणणं, हे रोपवाटिकेचं काम आहे. पण त्यासाठी समुद्राचा आकडा त्यांना तुम्ही द्यायला हवा. आठवडाभराची मोजणी इथे कामी येते.

भरणं

भरण्याच्या दोन पद्धती आहेत. पाण्यात बुडवून नेणं ही जास्त सुरक्षित. रीळ ज्यात सहज बसेल असा, तळ बंद केलेला मोठ्या व्यासाचा पाइप घ्यायचा, थंड समुद्राचं पाणी भरायचं, रीळ आत सोडायचं आणि झाकण लावायचं. पाणी टाकीतल्याच तापमानाचं आणि गाळलेलं असावं, पण त्यात खत नको. एवढ्या वेळात रोपांना खाऊ लागत नाही, जिवाणूंना मात्र तो आवडतो. पाइप काठोकाठ भरा. वर हवेची जागा राहिली की गाडीच्या हिसक्यांनी पाणी खळखळतं आणि कोवळी लव सुटते. रीळ आत आपटू नये म्हणून दोन्ही टोकांना रबराची कडी किंवा स्पंजचा तुकडा बसवा, दोऱ्याला मात्र काहीही घासता कामा नये.

दुसरी पद्धत ओल्या वेष्टनाची. समुद्राच्या पाण्यात भिजवलेलं मऊ सुती कापड रिळाभोवती एक-दोन वेढे गुंडाळायचं आणि रीळ पेटीत आडवं न ठेवता उभं ठेवायचं. जागा कमी लागते, वजन कमी होतं, तास-दोन तासांच्या प्रवासाला हे पुरतं. उघडताना कापड सोलून काढायचं, ओढून सरकवायचं नाही. एका ओढीत अर्धी बाजू साफ होते. मला विचाराल तर पहिल्या हंगामात पाण्याचीच पद्धत वापरा, वजन उचलायला एक माणूस जास्त घ्या.

गारव्यासाठी जाड भिंतीची आइस बॉक्स आणि बंद आइस पॅक. सुटा बर्फ नको. तो वितळला की गोडं पाणी होतं आणि गोडं पाणी या रोपांना विषासारखं आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या पाण्याला सरावलेल्या पेशी गोड्या पाण्यात फुगून फुटतात. याच कारणाने रोपवाटिकेच्या अंगणात नळाखाली हात धुऊन तसेच ओले हात रिळाला लावू नयेत. आइस पॅक आणि पाइप यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा जाड कापड असू द्या, नाहीतर टेकलेल्या बाजूचं पाणी गोठणबिंदूकडे जातं. थर्मामीटरची तार एका पाइपमध्ये सोडून आकडा बाहेरून वाचता आला तर पेटी उघडावी लागत नाही.

प्रत्येक पाइपवर जात, मातृरोपांची जागा, बी धरल्याची तारीख आणि कुठल्या दोरासाठी, हे न पुसणाऱ्या शाईने लिहा. होडीवर आठवणीवर काही चालत नाही.

रिळांऐवजी गॅमेटोफाइटची (बीजाणूंतून उगवणाऱ्या सूक्ष्म नर-मादी अवस्थेची) बाटली नेत असाल, म्हणजे चिकट माध्यमात मिसळून ते थेट दोराला लावायचे असतील, तर वर सांगितलेलं घासलं जाण्याचं भय नाही, पण उजेडाचं आहे. निळा उजेड मिळाला की ते प्रजननाच्या मार्गाला लागतात, म्हणून प्रयोगशाळेत लाल उजेडात ठेवतात. बाटलीला काळं कापड गुंडाळा.

उष्ण पाण्याचं शेवाळ असेल तर

काप्पाफायकससारख्या उष्ण कटिबंधातल्या शेवाळाला वरचं बरंचसं लागू पडत नाही. तिथे बीजाणूंचा दोरा नसतो, वाढलेल्या झाडाच्या १०० ते १५० ग्रॅमच्या फांद्या तोडून बियाणं म्हणून नेतात. त्याला बर्फ दाखवायचाच नाही. २५ ते ३० अंशांत वाढणाऱ्या या शेवाळाला गारठा उन्हाइतकाच बाधतो. पाण्यात बुडवूनही नेऊ नका. साचलेल्या पाण्यात गठ्ठा ठेवला की प्राणवायू संपतो, पाणी तापतं आणि सगळं बुळबुळीत होतं. समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात किंवा भोकं पाडलेल्या पेट्यांत पातळ थर लावून, सावलीत, वर अधूनमधून समुद्राचं पाणी शिंपडत न्यायचं. ढीग उंच झाला की मधला भाग स्वतःच्या उबेने शिजतो. रात्रीचा किंवा पहाटेचा प्रवास उत्तम.

पोचल्यावर लगेच बांधायला बसू नका. फांद्या जाळीच्या पिशवीत घालून दिवसभर वाहत्या पाण्यात लटकवा, मग निवडा. टणक, चकचकीत आणि मोडताना कट्‌ आवाज करणारी फांदी घ्यायची. पांढरी पडलेली, मऊ, वास येणारी किंवा अंगावर दुसऱ्या शेवाळाचे केस उगवलेली बाजूला काढायची. बाजूला काढलेलं समुद्रात फेकायचं नाही, किनाऱ्यापासून दूर जमिनीवर वाळवायचं. हवाईच्या कानेओहे उपसागरात १९७० च्या दशकात आणलेलं काप्पाफायकस शेताबाहेर पसरलं आणि प्रवाळांवर चढलं, ते काढायला पुढे पाण्याखाली शोषक यंत्रं लावावी लागली.

आणि तिसरं टोक म्हणजे नोरी, सुशीला गुंडाळतात ते शेवाळ. तिची कोवळी पाती धरलेली जाळी अर्धवट सुकवून उणे २० अंशांत गोठवतात आणि लागेल तेव्हा समुद्रात सोडतात, तरी ती जिवंत निघते. हे ऐकून केल्पचं रीळ शीतकपाटात ठेवायचा मोह होतो. करू नका. नोरी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात सुकण्या-भिजण्याला सरावलेली असते, केल्पचं पिल्लू नाही.

रस्ता

याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. पहाटे निघा. पेट्या गाडीत उन्हाच्या बाजूला किंवा इंजिनाजवळ ठेवू नका, पट्ट्याने बांधा, वाटेत उघडू नका. एका दिवसाच्या आत रोपं समुद्रात गेली पाहिजेत, आणि खरं उद्दिष्ट त्याच सकाळचं असावं.

होडीवर

आता महत्त्वाचं टोक. ढगाळ, वारा पडलेला दिवस सगळ्यात चांगला. कडक ऊन आणि वारा एकत्र असतील तर उघडं रीळ काही मिनिटांत वरून सुकायला लागतं. पाऊसही तितकाच वाईट, गोड्या पाण्याचं कारण वर आलंच आहे. रिमझिम असेल तर काम छताखाली किंवा ताडपत्रीखाली करा, जोर धरला तर थांबा.

पहिल्यांदा पाण्याचं तापमान घ्या आणि पेटीतल्या आकड्याशी ताडून बघा. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त अंतर असेल तर पाइपमधलं थोडं पाणी बादलीत ओतून तितकंच समुद्राचं भरा, दहा मिनिटं थांबा, परत तेच करा. हे न करता घाईने रीळ समुद्रात सोडण्यात वाचलेली अर्धी-पाऊण घटका महाग पडते.

माणसं तीन लागतात. एक होडी सांभाळायला, एक दोर उचलून धरायला, एक रिळावर. दोघांत होतं, पण मग होडी वाऱ्याबरोबर भरकटली की रिळावरचा माणूस सुकाणूकडे धावतो आणि रीळ उन्हात पडून राहतं.

क्रम असा. दोराचं एक टोक बोयापासून सोडवून होडीवर घ्या. ते टोक मोकळं आणि हाताशी आल्याखेरीज पेटी उघडायची नाही. मग एकच रीळ काढा, एकच, दोर त्याच्या पोकळीतून ओवा आणि टोक परत बोयाला बांधून टाका. दोऱ्याचं मोकळं टोक दोराच्या पिळात घुसवून केबल टायने आवळा. आता होडी दोराच्या कडेने हळूहळू पुढे घ्यायची. रीळ दोरावरून पुढे सरकतं, दोरा सुटत जातो आणि सुटता सुटता दोराभोवती वेढे घेतो. रिळावरच्या माणसाने रीळ पाइपच्या उघड्या कडांना धरायचं, लव असलेल्या भागाला बोट लावायचं नाही. वेढे सैल पडायला लागले तर होडीचा वेग कमी करा, दोरा हाताने ताणू नका.

वेढा घातलेला दोर लगेच पाण्यात जाऊ द्या. छान दिसतो म्हणून होडीच्या काठावर फोटोसाठी धरून ठेवणारे भेटतात, त्यांना फोटो पाण्याखाली गेल्यावर काढायला सांगा. रिळावर उरलेल्या दोऱ्यावर मगाने समुद्राचं पाणी घालत राहायचं, पण धार लावायची नाही.

मध्येच दोरा तुटला तर घाबरू नका. तुटलेली दोन्ही टोकं पिळात घुसवून केबल टाय लावा आणि हातभर मागून पुन्हा वेढे सुरू करा. रीळ संपलं की शेवट तसाच बांधा आणि मगच पुढची पेटी उघडा. पुढची रिळं आधीच काढून डेकवर रांगेत मांडून ठेवणं, ही होडीवरची सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात महाग सवय आहे.

दोराची खोली पहिले काही आठवडे साधारण २ मीटर असू द्या. पाणी फार नितळ असेल तर थोडी जास्त. टाकीतल्या मंद उजेडातून आलेल्या पात्यांना वरचं ऊन झेपत नाही, ती रंग सोडतात. वाढ धरल्यावर दोर वर घेता येतो. दोराला मधेमधे लहान तरंगे आणि वजनं आलटून पालटून लावली की तो लाटेबरोबर फार वर-खाली होत नाही.

पाइपमधलं उरलेलं पाणी समुद्रात ओतू नका. ते परत नेऊन रोपवाटिकेच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेत घाला, कारण त्यात काय काय जिवंत आहे ते आपल्याला दिसत नाही.

बेत फिसकटला तर

वारा अचानक वाढतो, होडीचं यंत्र बंद पडतं. म्हणून रिळं उचलताना रोपवाटिकेशी ठरवून ठेवा की दुसऱ्या दिवसापर्यंत टाकी मोडायची नाही. परत जाणं शक्य नसेल तर सावलीत मोठं टब, थंड समुद्राचं पाणी आणि हवा सोडणारा छोटा पंप, एवढ्यावर रात्र निघते. पाणी सकाळी बदला. धक्क्यावर पुरेशी खोली आणि स्वच्छ पाणी असेल तर रिळं जाळीच्या पिशवीत घालून पाण्याखाली दोन-तीन मीटरवर लटकवणं हाही मार्ग आहे. जपान आणि चीनमधले शेतकरी पक्क्या लागवडीआधी रोपं मुद्दामच काही काळ समुद्रात सरावाला ठेवतात. मात्र ओहोटीला पिशवी उघडी पडणार नाही, आणि जवळून ओढा किंवा गटार समुद्राला मिळत नाही, याची खात्री करा.

खवळलेल्या समुद्रात मात्र केवळ रिळं आणली आहेत म्हणून जाऊ नये. रिळं परत मिळतात.

पहिली पाहणी

आठ-दहा दिवसांनी एक दोर हळूच उचला. लव अजून बारीकच असेल, पण हात फिरवल्यासारखी मऊ आणि तपकिरी दिसायला हवी. गाळाचा थर बसला असेल तर दोर पाण्यातच दोन-तीनदा झटका, खरवडू नका. तीन-चार आठवड्यांत पाती सेंटिमीटरमध्ये मोजता यायला लागतात आणि तेव्हा प्रवासाचा हिशेब दोरावर वाचता येतो.

ठरावीक अंतराने मोकळे पट्टे दिसत असतील तर रिळाची एक बाजू कुठेतरी घासली आहे, पाइपच्या भिंतीला किंवा कापडाला. एका रिळाचा सगळाच्या सगळा दोरा उघडा असेल आणि शेजारच्याचा भरलेला, तर त्या एका पाइपमध्ये काहीतरी घडलं: आइस पॅक टेकला, गोडं पाणी शिरलं किंवा ते रीळ मुळातच खराब होतं. सुरुवात दाट आणि शेवट विरळ असेल तर रीळ होडीवर फार वेळ उघडं राहिलं. फक्त वरच्या, उजेडाकडच्या बाजूची पाती पांढरी पडली असतील तर दोर उथळ आहे, मीटरभर खाली घ्या. आणि सगळे दोर सारखेच विरळ असतील तर प्रवासाला दोष देण्याआधी समुद्राच्या तापमानाची वही काढा.

हे ओळखता यावं म्हणून त्या दिवशी प्रत्येक रिळासमोर चारच गोष्टी लिहा: टाकीतून काढल्याची वेळ, निघतानाचं आणि पोचल्यावरचं तापमान, पेटी उघडल्याची वेळ, दोर पाण्याखाली गेल्याची वेळ. मोकळे पट्टे रोपवाटिकेला दाखवायला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या. हंगाम अजून थंड असेल आणि त्यांच्याकडे रिळं शिल्लक असतील तर त्याच दोरावर मोकळ्या जागी नवा दोरा गुंडाळता येतो.